मोठा पिक्चर कुणाला घाबरतो?

शुक्रवारी संध्याकाळी कोथरूडच्या एखाद्या मल्टिप्लेक्समध्ये तुम्ही २३६ रुपयांचं तिकीट काढलंत, तर त्यातले ३६ रुपये जीएसटीचे. शंभर रुपयांच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के लागतो. राहिले २००. पहिल्या आठवड्यात त्यातले साधारण १०० थिएटरवाला ठेवून घेतो आणि १०० वितरकाकडे जातात. वितरक त्यातून आपलं कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च वळता करतो आणि उरेल ते निर्मात्याच्या पदरात पडतं. इंटरव्हलला तुम्ही समोशावर आणि पॉपकॉर्नवर जो खिसा रिकामा करता, त्यातला छदामही निर्मात्याला मिळत नाही. थिएटरवाल्याची खरी कमाई तिथेच होते, म्हणून तर पॉपकॉर्न तिकिटापेक्षा महाग.

मोठ्या पिक्चरचा अर्थ कसा लावायचा ते बघायचंय, आणि हे गणित आधी मांडायचं त्याला कारण आहे. कट्ट्यावर कुणी 'अमक्याने तीनशे कोटी कमावले' म्हटलं की ते तीनशे कोटी निर्मात्याने घरी नेले, असंच आपण धरून चालतो. धंद्यात मात्र तीन वेगवेगळे आकडे चालतात. तिकिटांचा सगळा गल्ला म्हणजे ग्रॉस. कर वजा केला की नेट. नेटमधून थिएटरचा वाटा गेल्यावर वितरकाच्या हाती राहतो तो शेअर. आपल्याकडचा 'शंभर कोटी क्लब' नेटवर मोजायची पद्धत आहे, हॉलिवूडवाले ग्रॉस सांगतात, आणि पोस्टरवर मात्र सगळेच जगभरातला ग्रॉस छापतात, कारण तो सगळ्यात गलेलठ्ठ दिसतो. ११८ कोटी ग्रॉस म्हणजे १०० कोटी नेट, आणि शेअर पन्नासच्या आतच. ऐंशी कोटी घालून काढलेला पिक्चर 'शंभर कोटी क्लब'मध्ये बसला आणि तरी थिएटरपुरता तोट्यात गेला, यात काही चमत्कार नाही.

शेअर पन्नासच्या आत का, तर वाटा दर आठवड्याला घसरत जातो. हिंदी पिक्चरसाठी मल्टिप्लेक्सबरोबरचं ठरलेलं सूत्र साधारण असं : पहिल्या आठवड्यात वितरकाला नेटच्या ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. हे सूत्र गोडीगुलाबीने ठरलेलं नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सना नवे हिंदी पिक्चर देणंच बंद केलं. दोन महिने तंटा चालला, सुट्टीचा ऐन हंगाम कोरडा गेला, तेव्हा कुठे हे आकडे कागदावर आले.

आता वितरकाच्या जागी बसून विचार करा. पहिल्या शुक्रवारी आलेला माणूस मला जास्त देऊन जातो, चौथ्या आठवड्यात आलेला कमी. मग मी सगळा जोर पहिल्या तीन दिवसांवरच लावणार. पूर्वी पुण्यातल्या अलका किंवा विजय टॉकीजला एखादा पिक्चर पंचवीस आठवडे टिकला की सिल्व्हर ज्युबिलीचा फलक लागायचा. दादा कोंडक्यांच्या ओळीने नऊ पिक्चरांनी सिल्व्हर ज्युबिली केली आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आज तो हिशेबच कालबाह्य झालाय. आज धंदेवाले 'मंडे टेस्ट' बघतात. शुक्रवार ते रविवारची गर्दी जाहिरातीने आणलेली असते, सोमवारी जो येतो तो कुणीतरी 'बघ रे' म्हटलं म्हणून येतो. सोमवारचा गल्ला शुक्रवारच्या निम्म्याच्या खाली गेला की ट्रेडवाले नकारार्थी मान हलवतात.

मोठा पिक्चर म्हणजे किती माणसं, याचाही एक अंदाज घेऊ. समजा खर्च २०० कोटींचा आहे आणि तो फक्त थिएटरमधून काढायचा आहे. आपल्या २३६ रुपयांच्या तिकिटामागे १०० रुपये येतात, म्हणजे दोन कोटी तिकिटं. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख होती. अख्ख्या जिल्ह्याने, पाळण्यातल्या बाळासकट, दोनदा पिक्चर बघायचा आणि तरी थोडे कमी पडणार! प्रत्यक्षात ओटीटी, टीव्ही, संगीत, डबिंग यांचे हक्क विकून बराच भार हलका होतो. कधी कधी पिक्चर लागायच्या आधीच खर्च वसूल होतो, त्याला 'टेबल प्रॉफिट' म्हणतात. पण ओटीटीवालाही थिएटरमधला गाजावाजा बघून पैसे मोजतो, त्यामुळे गर्दी हवीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की मोठ्या पिक्चरच्या अर्थाची किल्ली या गर्दीत आहे. दोन कोटी माणसं एका मताची कशी असतील? त्यात सदाशिव पेठ येते तशी येरवडा येते, जत्रेतला तंबू येतो तसा न्यू जर्सीतला मराठी मंडळाचा शो येतो. एवढ्या लोकांना एका दारातून आत घ्यायचं तर कुणालाच फार दुखवून चालत नाही. म्हणून बिग बजेट पिक्चरचा अर्थ शोधताना 'यात कुठलं प्रतीक दडलंय' यापेक्षा 'हा पिक्चर कुणाला नाराज करायला घाबरतोय' हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. प्रतीकं सापडतात, नाही असं नाही. पण ती शोधणाऱ्याच्या मर्जीने सापडतात.

ही भीती कामाला कुठे लागते ते बघायचं तर पिक्चर बनतो कसा इथून सुरुवात करायला हवी.

सगळ्यात आधी ठरते ती तारीख. हॉलिवूडचे मोठे स्टुडिओ दोन-तीन वर्षं आधी तारखा अडवून ठेवतात, कधी कधी पिक्चरचं नावही ठरलेलं नसतं. आपल्याकडे ईद, दिवाळी, १५ ऑगस्ट, नाताळ यांसाठी रस्सीखेच असते. मराठीवाला मे महिन्याची सुट्टी बघतो आणि गणपतीचे दहा दिवस टाळतो, कारण तेव्हा पेठांतले रस्ते बंद असतात आणि अख्खं पुणं रात्रभर फुकटात देखावे बघत हिंडत असतं. एकदा तारीख ठरली की ती बाकी सगळ्यावर स्वार होते. पटकथा पक्की नसली तरी सेट उभा राहतो, आणि मारामारीचे प्रसंग तर आधीच कॉम्प्युटरवर कच्च्या ॲनिमेशनमध्ये बनवून ठेवतात. त्याला प्रीव्हिज म्हणतात. कॅमेरा कुठे, क्रेन कुठे, स्फोट कितव्या सेकंदाला, हे शूटिंगच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. मोठ्या पिक्चरांतल्या मारामाऱ्या एकसारख्या वाटतात याचं एक कारण हेही असावं, कारण दिग्दर्शक बदलला तरी मारामारीचा आराखडा आखणारी टोळी बऱ्याचदा तीच असते.

मग येतं व्हीएफएक्सचं, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्यं घडवायचं काम. पुण्यातही अशा कामाचे स्टुडिओ आहेत आणि बाहेर पाटी वाचून आत काय चालतं याचा पत्ता लागत नाही. परदेशी पिक्चरचं बरंच 'रोटो'चं काम भारतात येतं. रोटो म्हणजे चित्रातल्या माणसाच्या कडेने रेष काढून त्याला पार्श्वभूमीपासून सुटं करायचं, म्हणजे मागे हवा तो किल्ला किंवा ग्रह बसवता येतो. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० चित्रं. हिरो तलवार उगारतोय असं समजा. रोटो करणारी मुलगी त्याच्या अख्ख्या देहाला एकच रेष मारत नाही. दंड वेगळा, कोपरापासून मनगट वेगळं, तळवा वेगळा, प्रत्येक बोट वेगळं, असे तुकडे पाडते, कारण प्रत्येकाची हालचाल निराळी. तलवार वेगाने फिरते तेव्हा तिची कडा पुसट होते, ती पुसट कडासुद्धा सांभाळावी लागते. सगळ्यात वैताग केसांचा. वाऱ्यावर उडणारी एक बट चुकली की हिरोभोवती कापून चिकटवल्यासारखी पांढरी किनार दिसते आणि आपण खुर्चीत बसून म्हणतो, 'काय फालतू ग्राफिक्स आहेत!' शेवटच्या नामावलीत ही शेकडो नावं दहा मिनिटं सरकत असतात, तेव्हा आपण पार्किंगमधून गाडी काढत असतो.

पुण्याला खरं तर हे सगळं नवं नाही. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या आवारात दिग्दर्शकापासून सुतारापर्यंत सगळे पगारी होते, सेट तिथेच उभे राहायचे, फिल्म तिथेच धुतली जायची. आज जे काम वीस देशांत वाटलेलं असतं ते एका कुंपणाच्या आत व्हायचं. 'संत तुकाराम' हा १९३६ चा पिक्चर तिथलाच. मुंबईत तो वर्षाहून जास्त काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही गाजला. ट्रिक सीनही त्यात भरपूर आहेत. शेवटी गरुडविमान येतं ते तेव्हाचं व्हीएफएक्सच. या पिक्चरकडे आपण परत येऊ.

आता जाहिरातीकडे वळू. १९७५ या एकाच वर्षात तीन पिक्चरांनी गर्दी जमवायचे तीन वेगळे मार्ग दाखवले. ते समजले की आजचंही निम्मं समजतं.

पहिला 'जॉज'. २० जूनला अमेरिकेत तो एकदम ४०९ थिएटरांत लागला. त्याआधी मोठा पिक्चर दोन-चार शहरांत लावायचा, नाव झालं की हळूहळू पसरवायचा, असा रिवाज होता. युनिव्हर्सल स्टुडिओने उलट केलं. टीव्हीवरच्या जाहिरातींवर त्या काळात सात लाख डॉलर ओतले, त्याही बहुतेक प्रदर्शनाच्या तोंडावर, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेत. लोकांनी एकमेकांना विचारायच्या आतच तिकीट काढलेलं असलं पाहिजे, हा त्यामागचा डाव. आजचा पहिला वीकेंड तिथून सुरू होतो. गंमत म्हणजे त्यातला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा. नाइलाजाने दिग्दर्शकाने तो कमी दाखवला, संगीताने आणि पाण्यावरच्या नुसत्या हालचालीने भागवलं, आणि न दिसणाऱ्या शार्कची भीती दिसणाऱ्यापेक्षा मोठी ठरली. पुढे अभ्यासकांनी त्या 'अदृश्य भया'वर पानंच्या पानं लिहिली. अर्थ कुठून येईल सांगता येत नाही, कधी तो नादुरुस्त यंत्रातूनही येतो.

दुसरा 'शोले', १५ ऑगस्टचा. सुरुवातीला ट्रेडने तो पडला असंच धरलं होतं. खर्च अवाढव्य आणि पहिले दिवस थंडे. त्याला वर काढलं ते लोकांच्या तोंडच्या बोलण्याने, आणि ते बोलणंही साधं नव्हतं, लोक संवादच्या संवाद म्हणून दाखवत होते. ते लक्षात आल्यावर पॉलिडोर कंपनीने गाण्यांऐवजी संवादांची रेकॉर्ड काढली आणि ती लग्नमांडवांपासून पानटपऱ्यांपर्यंत वाजू लागली. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. जाहिरात इथे प्रेक्षकांनी केली, कंपनीने ती नंतर विकत दिली.

तिसरा 'जय संतोषी माँ'. नटांची नावं मोठी नाहीत, पैसा नाही, ट्रिक सीन बेताचे. पण बायका थिएटरच्या दाराशी चपला काढून आत जायच्या, देवी पडद्यावर आली की पैसे आणि फुलं उधळायच्या, आरती व्हायची. याला जाहिरात म्हणावी तर कुणी केली? पिक्चरने फक्त जागा करून दिली आणि अर्थ लोक घरून घेऊन आले. मराठीत हेच १९९१ च्या 'माहेरची साडी'ने आणि २०२३ च्या 'बाईपण भारी देवा'ने दाखवलं. त्या २०२३ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या मल्टिप्लेक्सांत नऊवारी नेसून, नथी घालून आलेले बायकांचे जथे ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. भिशी मंडळं अख्खी रांग बुक करत होती.

आज या तिन्हींची भेळ असते. आधी मोशन पोस्टर, मग टीझर, मग एकेक गाणं, मग ट्रेलर. ट्रेलर बहुतेक वेळा पिक्चरचा संकलक कापत नाही, ते काम करणाऱ्या वेगळ्या कंपन्या असतात, आणि त्यांना पिक्चरमध्ये काय आहे यापेक्षा गर्दीला काय हवंय ते जास्त कळतं. ट्रेलरमधला एखादा शॉट पिक्चरमध्ये सापडतच नाही, तो यामुळे. सगळ्यात हुशार जाहिरात प्रश्न सोडून जाते. 'कटप्पाने बाहुबलीला का मारलं' हा प्रश्न २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं लोकांनी स्वतःच्या खर्चाने जिवंत ठेवला. मराठीत एवढा पैसा नसतो. तिथे कलाकार पुण्यातल्या कॉलेजांच्या गॅदरिंगला हजेरी लावतात, आणि बरीच वर्षं 'चला हवा येऊ द्या'च्या मंचावर जाऊन हसून घेणं हा मराठी पिक्चरच्या प्रसिद्धीचा जवळपास सक्तीचा भाग होता. अलीकडे पैसे घेऊन रिव्ह्यू करणारे आणि निर्मात्यानेच घाऊक तिकिटं उचलून 'हाउसफुल' दाखवणारे, हाही प्रकार बोकाळलाय. त्याला सभ्य भाषेत 'कॉर्पोरेट बुकिंग' म्हणतात.

एक जाता जाता सांगतो. पिक्चरच्या वितरणाचे आपल्याकडचे प्रांत अजून इंग्रजांच्या नकाशाप्रमाणे आहेत. पुणे येतं मुंबई सर्किटमध्ये, जिथे गुजरातही येतो. नागपूर-अमरावती 'सीपी बेरार'मध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात, आणि छत्रपती संभाजीनगरकडचा मराठवाडा 'निजाम'मध्ये. संयुक्त महाराष्ट्र होऊन एवढी वर्षं झाली, पण ट्रेडच्या वहीत अजून झालेला नाही. मराठी निर्मात्याला एकाच राज्यात पिक्चर लावायला तीन सर्किटांत जावं लागतं.

आणि शो मिळवणं हा वेगळाच छळ. पिक्चर हल्ली रिळांत येत नाही, डिजिटल फाइल येते आणि ती उघडायची किल्ली वेगळी येते. त्या किल्लीत कुठल्या पडद्यावर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे बांधलेलं असतं. मुदत संपली की फाइल असूनही पडदा काळा. त्यामुळे शो वाढवणं-घटवणं आता एका रात्रीत होतं. शुक्रवारी सकाळी मोठ्या हिंदी पिक्चरचं बुकिंग जोरात दिसलं की मराठी पिक्चरचा संध्याकाळचा सातचा शो शनिवारी सकाळी साडेनऊला गेलेला असतो. मराठी पिक्चरला प्राइम टाइम द्यायचा सरकारी नियम २०१५ मध्ये आला, तेव्हा दुपारी १२ ते रात्री ९ हा सगळाच वेळ प्राइम टाइम ठरला. दुपारी बारा वाजता कामावर जाणारा माणूस कुठल्या हिशेबाने मोकळा असतो, हे ठरवणाऱ्यालाच ठाऊक.

आता अर्थ. प्रभातच्या त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं. संग्रहालयात पी. के. नायर यांनी मिळेल तिथून रिळं जमवली आणि इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर यांनी पिक्चर 'वाचायला' शिकवलं. दर उन्हाळ्यातला फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स ही त्यांचीच परंपरा. तिथली पहिली शिस्त अगदी रूक्ष असते : अर्थ सांगू नका, आधी काय दिसलं ते सांगा. कॅमेरा डोळ्यांच्या वर होता की खाली? शॉट कधी तुटला? आवाज चित्राच्या आधी आला की नंतर? नव्या माणसाला याचा कंटाळा येतो, पण हे केल्याशिवाय पुढचं सगळं हवेत.

याचं कारण शंभर वर्षांपूर्वी लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने दाखवलं. एका नटाचा निर्विकार चेहरा, आणि त्याच्या पुढे कधी सूपची वाटी, कधी शवपेटी. चेहरा तोच, पण लोकांना तो एकदा भुकेला वाटला, एकदा दुःखी. अर्थ चेहऱ्यात नव्हता, दोन शॉटच्या जोडात होता आणि तो आपण भरला. म्हणून मोठ्या पिक्चरमध्ये 'हिरो' दिसतो तेव्हा आधी कुणाचा चेहरा दाखवला, हे बघायचं. बहुतेकदा तो हिरोकडे वर मान करून बघणाऱ्या सामान्य माणसाचा असतो. आपण कुठून बघायचं ते तिथे ठरून जातं.

वर्णन झालं की मग माझा तो प्रश्न. 'शोले'च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीचा काळ, निवृत्त पोलिस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला रुचलं नाही, शेवट नव्याने चित्रित झाला आणि ऐन वेळी पोलिस येऊन पोहोचले. इथे भीती सरकारची. २०२५ मध्ये 'छावा'च्या ट्रेलरमधलं संभाजी महाराजांचं लेझीम नृत्य बघून आक्षेप आले आणि दिग्दर्शकाने प्रदर्शनाआधीच तो प्रसंग काढला. इथे नाराजी जवळच्या प्रेक्षकाची. दोन्ही प्रसंगांत कापलेला तुकडा उरलेल्या पिक्चरबद्दल बरंच सांगून जातो. कुठल्या माणसाने कसं दिसायचं आणि कसं नाही, याची लक्ष्मणरेषा कुठे आहे, ते त्या तुकड्यामुळे कळतं.

पण नुसत्या भीतीने मोठा पिक्चर होत नाही. 'संत तुकाराम' घ्या. भक्तांना दुखवायचं नाही म्हणून चमत्कार सगळे आहेत. पण दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी त्याच पिक्चरमध्ये तुकोबांच्या बायकोला, आवलीला, ठेवलंय. मूल आजारी पडल्यावर ही बाई हातात वहाण घेऊन विठ्ठलाच्या देवळात शिरते आणि त्याला फैलावर घेते. तुकोबा बसलेले, स्थिर, अभंगात रमलेले. आवली सतत हलती, पोरं, चूल, म्हैस. शेवटी विमान येतं, तुकोबा तिला चल म्हणतात, आणि ती संसार टाकून जात नाही. पिक्चर भक्ताला वैकुंठ दाखवतो आणि घरी बसलेल्या बाईला तिची बाजूही देतो. वर्षभर चाललेल्या गर्दीत वारकरी होते तशा आवल्याही असणारच. ज्याला जे हवं ते सापडावं, इतकी जागा त्यात आहे. सगळ्यांना जागा ठेवायचा ब्लॉकबस्टरचा ढिलेपणा तो हाच, फक्त इथे तो पोकळ नाही.

आणि मग 'सैराट'. २९ एप्रिल २०१६. बेताचं बजेट, नवी पोरं, आणि ग्रॉस शंभर कोटींपलीकडे नेणारा पहिला मराठी पिक्चर. जाहिरात केली गाण्यांनी. अजय-अतुलचं संगीत थेट अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित झालं होतं आणि पूर्वार्धात नागराज मंजुळे ते पोटभर वापरतात : स्लो मोशन, वर चढणारा कॅमेरा, व्हायोलिनचा पूर, करमाळ्याकडची विहीर आणि केळीच्या बागा. कित्येक थिएटरांत 'झिंगाट' लागलं की पोरं पडद्यापुढे जाऊन नाचायची. मग उत्तरार्धात गाणी बंद. हैदराबादची झोपडपट्टी, शिळं भांडण, पाण्याची रांग, कॅमेराही गुमान उभा. हिंदी-मराठी पिक्चरांनी प्रेमाची जी भाषा आपल्याला शिकवली तीच आधी बोलायची आणि मग काढून घ्यायची. जात कुठे भाषणात येत नाही, ती या काढून घेण्यात येते. शेवटी तर आवाजच जातो. लहान मूल चालत बाहेर येतं आणि जमिनीवर त्याच्या लाल पावलांचे ठसे उमटत राहतात.

हे काम किती अवघड होतं ते कळायला दोन वर्षांनी आलेला त्याचा हिंदी रिमेक 'धडक' शेजारी ठेवून बघा. बजेट कितीतरी मोठं, निर्माता मोठा, प्रेक्षक देशभरचा. 'झिंगाट' त्यात आहे, हिंदी शब्दांसह. गाव जाऊन उदयपूर आलं, राजवाड्यासारखं घर आलं. जात एखाद-दुसऱ्या वाक्यापुरती उरली आणि तिच्या जागी श्रीमंत-गरीब आलं. शेवटी मुलगी वाचते, नवरा आणि मूल जातात, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तिचा रडता चेहरा राहतो. 'सैराट'मध्ये रडायला असा चेहराच उरत नाही, उरतं ते काही न कळणारं मूल. दोन्ही पिक्चर एका आठवड्यात बघा, दुसऱ्यात काय काय वगळलंय त्याची यादी करा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा, हे ठेवलं असतं तर कुठल्या सर्किटमधलं कुणाचं तिकीट गेलं असतं.